आधी पंचनामा, मग भराव

महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात अर्ध्या गुंठ्याच्या वरकस जमिनीचीही नोंद सापडते. तिचा धारक कोण, तिच्यावर आंब्याची कलमे किती, विहिरीत हिस्सा कोणाचा आणि बोजा कोणत्या पतपेढीचा, हे सारे सातबाराच्या उताऱ्यावर मिळते, आणि त्या नोंदीत एका ओळीचा फेरफार करावयाचा तरी नोटीस, हरकत, सुनावणी असा रीतसर मार्ग चालावा लागतो. परंतु हीच जमीन जेथे समुद्राला भिडते आणि भरतीच्या रेषेखाली खडप सुरू होते, तेथे दप्तराची लेखणी थांबते. ओहोटीला उघडा पडणारा आणि भरतीला बुडणारा हा पट्टा नकाशावर रंगवला जातो, किनारा नियमन क्षेत्रातला एक वर्ग त्याला मिळतो, आणि त्याच्या पोटात काय आहे हे विचारण्याचा प्रसंग भराव टाकण्याची दरखास्त येईपर्यंत कोणावरही ओढवत नाही. हा क्रम उलटा आहे, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे. आणि तो का उलटा आहे हे समजण्यासाठी एका इवल्याशा, रंगीत, शंखहीन समुद्री गोगलगायीची साक्ष काढणे मला सोयीचे वाटते.

ही साक्षीदार मुंबईला परकी नाही. १९४६ साली विंकवर्थ या अभ्यासकाने मुंबईच्या किनाऱ्यावरील अशा एका गोगलगायीचे वर्णन लंडनच्या मृदुकाय-संशोधकांच्या मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि तिला ‘ग्लॉसोडोरिस बॉम्बेयाना’ असे नाव दिले. पुढे वर्गीकरणाच्या पद्धती बदलत गेल्या, आणि २०१२ सालच्या जनुकीय पुनर्रचनेनंतर ती आज ‘गोनिओब्रँकस’ या प्रजातीत नांदते. जातीच्या नावातली मुंबई मात्र कायम राहिली. ज्या शहराचे नाव शास्त्राने तिच्या कपाळी कायमचे लिहिले, त्या शहराच्या एकाही सरकारी कागदावर तिला गणतीत घेण्याची सक्ती नाही.

न्यूडिब्रँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गोगलगायींच्या जगभरात सुमारे तीन हजार जाती ज्ञात आहेत. शंख-शिंपल्यांच्या, कालवांच्या आणि माकुळाच्या विस्तीर्ण मृदुकाय गोतावळ्यातलीच ही मंडळी. परंतु अंड्यातून बाहेर पडलेल्या डिंभकाच्या अंगावर जो सूक्ष्म शंख असतो तो प्रौढ होताना टाकून देऊन उघड्या अंगाने राहण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जेव्हा दूरवर मागे सरते, तेव्हा खडपातल्या एखाद्या डबक्याशी वाकून, बोटाएवढ्या खोलीच्या स्वच्छ पाण्यातला दगड हलकेच उलटावा. त्याच्या खालच्या अंगावर स्पंजांचे पिवळे, नारिंगी, निळसर थर पसरलेले असतात, आणि त्यांपैकी एखाद्या थरावर, प्रथम नजरेला स्पंजाचाच भाग वाटावा असा, नखाहून जरा मोठा एक रंगीत लांबट ठिपका दिसतो. क्षणभर स्थिर राहिले की ठिपक्याच्या पुढच्या टोकाला कंगोरे असलेली दोन शिंगे वर येतात आणि मागच्या टोकाला कल्ल्यांचा एक नाजूक तुरा पाण्यात उलगडतो. आपल्या सावलीची किंवा बोटाची चाहूल लागताच तो तुरा एका खाचेत संपूर्ण आत ओढला जातो, आणि मिनिटाभराने भीती ओसरली की पुन्हा सावकाश बाहेर येतो. पुढची शिंगे ही तिची गंधेंद्रिये आहेत. डोळे आहेत ते कातडीखाली दडलेले, आणि उजेड व अंधार यांचा भेद करण्यापलीकडे त्यांची मजल नाही. ज्या रंगांसाठी माणसे तिची छायाचित्रे काढीत हिंडतात ते रंग तिने स्वतः कधीच पाहिलेले नसतात. तिचे सारे जग वासाचे आहे, आणि या एका गोष्टीवर पुढचा पुष्कळसा युक्तिवाद उभा आहे.

कवच टाकल्यावर रक्षणाची तजवीज कशी करावी, हा प्रश्न या कुळाने परस्वावर सोडवला आहे. गोनिओब्रँकस आणि तिच्या भावकीतल्या गोगलगायी स्पंज खातात. स्पंजाने आपल्या बचावासाठी तयार केलेली विषारी द्रव्ये त्या पचवून टाकीत नाहीत, तर अंगाच्या कडेला असलेल्या विशिष्ट ग्रंथींत साठवून ठेवतात, आणि वरून भडक रंगांची जाहीर ताकीद माशांना देतात. एओलिड नावाच्या दुसऱ्या शाखेने तर याहून धाडसी व्यवहार केला आहे. त्या हायड्रॉइड नावाचे समुद्री जीव खातात, आणि हायड्रॉइडांच्या अंगात, जेलीफिशच्या अंगात असतात तशाच, स्पर्शाबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म दंशकुप्या असतात. एओलिड त्यांतल्या पुष्कळशा न फोडता गिळते, आतड्याच्या शाखांतून पाठीवरच्या बोटांसारख्या उपांगांच्या टोकांपर्यंत नेऊन पोहोचवते, आणि शत्रूने चावा घेतला की दुसऱ्याच्या मालकीचे ते हत्यार त्याच्यावर चालवते. वनस्पतिभक्षक ‘एलिशिया’ची गोष्ट आणखी निराळी. शैवालाच्या पेशीतला रस शोषताना त्यातले हरितकण ती आपल्या अंगात जिवंत ठेवते आणि हिरव्या पानासारखी उन्हात पसरून बसते. तिच्या उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका भगिनीत हे उसने हरितकण महिनोन् महिने कार्यक्षम राहतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. आपल्या किनाऱ्यावरही या प्रजातीच्या गोगलगायी शैवालाच्या हिरव्या गालिच्यावर सापडतात.

विष स्पंजाचे, दंश हायड्रॉइडाचा, हिरवेपणा शैवालाचा. तेव्हा गोगलगायीचा विचार तिच्या अन्नापासून तोडून करताच येत नाही. पुष्कळशा जाती अन्नाच्या बाबतीत इतक्या काटेकोर आहेत की स्पंजाच्या एका लहानशा गटावाचून दुसऱ्या कशाला तोंड लावीत नाहीत; ‘रोस्टांगा’ ही तांबडी गोगलगाय तांबड्या स्पंजावर जगते आणि अंडीही त्यावरच, त्याच रंगाची घालते. ही अंडी सोऱ्यातून उतरलेल्या चकलीप्रमाणे वेटोळी घेतलेल्या चिकट पट्टीत बसवलेली असतात. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असल्यामुळे, उजव्या कुशीला उजवी कूस लावून झालेल्या मीलनानंतर दोघीही अशी पट्टी घालू शकतात. पट्टीतून सुटलेले डिंभक काही दिवस प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यांनी कोठे उतरावे याचा निर्णय कसा होतो, यावर मायकेल हॅडफील्ड यांनी हवाई बेटांत जे दीर्घकाळ काम केले ते या विषयात मूलभूत मानले जाते. ‘फेस्टिला’ ही गोगलगाय पोराइटीस नावाच्या प्रवाळावर जगते. तिचे डिंभक त्या प्रवाळातून पाण्यात झिरपणाऱ्या द्रव्याचा वास लागल्याखेरीज रूपांतरच करीत नाहीत, आणि वास लागला की शंख टाकून खाली उतरतात. अन्नाचा वास नाही तर प्रौढावस्था नाही, असा हा रोकडा करार आहे.

आता या कराराच्या प्रकाशात आपले कायदे आणि आपले शिरस्ते पाहावेत. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत अतिसंवेदनशील म्हणून ज्या अधिवासांची यादी दिली आहे तीत कांदळवने आहेत, प्रवाळ आहेत, वाळूच्या टेकड्या, जीवसमृद्ध चिखलपट्टे, कासवांच्या व राजखेकड्यांच्या जागा, समुद्री गवताची कुरणे, पक्ष्यांची विणीची ठिकाणे, इतकेच काय तर पुरातत्त्वीय वास्तूही आहेत. खडपाळ किनारा त्या नावाने नाही. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधला प्रदेश म्हणून त्याला निराळा आणि कमी कडक वर्ग मिळतो. त्यापूर्वीच, आधीच्या अधिसूचनेत २०१५ सालच्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने, अपवादात्मक प्रसंगी भराव टाकून रस्ते बांधण्याची मुभा देण्यात आली होती, आणि मुंबईचा किनारी रस्ता त्या मुभेतून वाट काढीत आला.

या रस्त्याचा इतिहास वाचकांच्या स्मरणात असेल. श्यामलदास गांधी मार्गापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळीकडच्या टोकापर्यंत साडेदहा किलोमीटरांहून थोडी अधिक लांबी, आणि त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची किनारा नियमनाची परवानगी रद्द केली, आणि शास्त्रीय अभ्यासातील उणिवांचा विचार हे त्या निकालाचे एक महत्त्वाचे अंग होते. त्याच वर्षीच्या १७ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झाले, आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला. मध्यंतरी हाजीअली आणि वरळी येथील खडपावर प्रवाळांच्या वसाहती आढळल्या. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे वनखात्याची परवानगी घेणे भाग पडले, आणि २०२० साली त्या वसाहती दगडासकट उचलून दुसरीकडे रोवण्यात आल्या. कायद्याने ज्याचे नाव घेतले त्याच्यासाठी यंत्रणा हलली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याच दगडांच्या बुडाशी राहणारे स्पंज, हायड्रॉइड आणि त्यांच्यावर जगणाऱ्या गोगलगायी यांचे नाव त्या अनुसूचीत नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी कोणालाही परवानगी मागावी लागली नाही. आणि मागावी लागली असती तरी स्थलांतराचा उपाय येथे लागू पडला नसता. कारण जिला हलवायचे तिच्याबरोबर तिचा स्पंज, त्या स्पंजाला मानवणारा दगड, त्या दगडावरून वाहणारे पाणी आणि त्या पाण्यातला वास, एवढे सारे हलवावे लागले असते.

एका गोगलगायीपायी लाखो लोकांचा रस्ता अडवून धरायचा काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल, आणि तो अप्रामाणिक आहे असे मी मानीत नाही. लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जाणाऱ्याला निसर्गप्रेमाचा उपदेश करण्याचा अधिकार खुर्चीत बसून लिहिणाऱ्याला नाही. मुंबई तर मुळात सात बेटांमधल्या खाड्या बुजवूनच उभी राहिली आहे, आणि अठराव्या शतकातल्या वेलार्डच्या बांधापासून बॅकबेच्या भरावापर्यंतचा तो इतिहास आता परत फिरवता येत नाही. या प्रश्नाला उत्तर म्हणून पुष्कळ जण उपयुक्ततेकडे वळतात. एरिक कँडेल यांनी ‘अप्लिशिया’ या समुद्री सशाच्या सुमारे वीस हजार चेतापेशींच्या साध्या मज्जासंस्थेवर स्मरणशक्तीचे रहस्य उलगडले आणि २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला, हे ते सांगतात. हिंदी महासागरातल्या ‘डोलाबेला’ नावाच्या दुसऱ्या समुद्री सशापासून जॉर्ज पेटिट यांनी वेगळे काढलेल्या डोलास्टॅटिन-१० या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेला घटक हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावरच्या औषधात वापरला जातो आणि ते औषध २०११ साली अमेरिकेत मान्य झाले, हेही ते सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तथापि दुसऱ्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही: तेच द्रव्य पुढे एका नीलहरित सूक्ष्मजीवात सापडले, म्हणजे समुद्री सशाने तेही आपल्या अन्नातूनच घेतलेले असावे. औषध हवे असेल तरी अखेर त्या जागेपाशी आणि तिथल्या आहारसाखळीपाशीच यावे लागते.

पण उपयुक्ततेवर सारी मदार ठेवणे मला धोक्याचे वाटते. कारण ज्या जीवाचा उपयोग अद्याप सापडलेला नाही त्याला बुडवण्याचा परवाना त्यातून आपोआप मिळतो. माझी मागणी त्याहून लहान आहे, आणि लहान असल्यामुळे ती नाकारणे अधिक अवघड व्हावे. रस्ता बांधावा की नाही याचा निवाडा गोगलगायीने करावा, असे मी म्हणत नाही. निवाडा माणसांनीच करावा, परंतु काय गमावणार आहोत याचा पंचनामा समोर ठेवून करावा. एखाद्याचे पडके गोठ्याचे छप्पर रस्त्यात गेले तरी मोबदल्यासाठी त्याचा पंचनामा होतो. हजारो वर्षे वस्ती असलेला पट्टा बुजवताना तो अगोदर, पुरता आणि जाणकार माणसांकडून व्हावा, एवढेच हे मागणे आहे.

असा पंचनामा कसा करावा हे गोगलगायीच्या चरित्रावरूनच ठरते. तिचे आयुष्य बहुधा वर्षाच्या आत आटोपते, आणि पावसाळ्याचा मारा ओसरून खडपावर स्पंज व हायड्रॉइड नव्याने वाढू लागले की ती ठळकपणे दिसू लागते. तेव्हा प्रकल्पाच्या अहवालासाठी एका ऋतूत केलेली पाहणी पुरेशी मानण्याचा प्रघात येथे निरुपयोगी आहे. निदान एका पूर्ण वर्षातल्या वेगवेगळ्या ऋतूंत, उधाणाच्या ओहोटीला, दिवसा आणि रात्रीही पाहणी व्हावी. अष्टमीच्या भांगाला, पाणी जेमतेम मागे हटले असताना, किनाऱ्यावर उभे राहून ‘विशेष जीवसृष्टी आढळली नाही’ असा शेरा मारणाऱ्याचा अहवाल परत पाठवावा. दगडांची खालची बाजू पाहावी. मात्र पाहून झाल्यावर प्रत्येक दगड होता तसाच पालथा ठेवावा, कारण सावलीतला स्पंज उन्हात उताणा राहिला तर पुढच्या ओहोटीपर्यंत मरून जातो आणि पाहणी हीच नासाडी ठरते. गोगलगायींची नुसती गणती न करता त्या कशावर बसलेल्या होत्या हे प्रथम लिहावे, कारण प्राणी आज दिसेल, उद्या दिसणार नाही. त्याचे अन्न जागेवर असेल तर तो परत येण्याची आशा राहते.

हे काम करणारी माणसे आपल्यापाशी नाहीत असेही नाही. मद्रास इलाख्याचे मुलकी अधिकारी सर वॉल्टर इलियट यांनी धारवाडच्या बाजूला असताना शिलालेखांच्या नकला जमवल्या, अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पखंड उकरले, आणि पूर्व किनाऱ्यावर असताना समुद्री गोगलगायींचाही संग्रह केला. त्या संग्रहावरून आल्डर आणि हॅनकॉक यांनी १८६४ साली जो प्रबंध लिहिला त्यातली ‘कलिंगा ऑर्नेटा’ ही देखणी गोगलगाय आजही त्या प्रदेशाचे नाव मिरवते. कचेरीतला माणूसही दप्तराची व्याख्या अशी रुंद करू शकतो, याचा हा जुना दाखला आहे. आपल्या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी रत्नागिरीचा खडपाळ किनारा, गुजरात आणि लक्षद्वीप येथे या कुळाच्या पद्धतशीर नोंदी केल्या. २०२० साली पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून ‘क्राटेना’ प्रजातीच्या दोन जाती शास्त्राला नव्याने ज्ञात झाल्या. आणि २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने गिरगाव, हाजीअली, जुहू, वांद्रे येथल्या ओहोटीत सामान्य मुंबईकरांना नेऊन जे दाखवले, त्याने या शहराचा समुद्र मेला आहे ही सोयीची समजूत खोटी पाडली. यांच्या आधी आणि यांच्याहून अधिक, कोळीवाड्यांतल्या आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या ज्या बाया कालवे काढायला दर उधाणाला खडपावर उतरतात त्यांना कोणता दगड कोणत्या महिन्यात कशाने भरतो हे तोंडपाठ असते. त्यांची जबानी कोणत्याही अहवालाला जोडलेली मी अद्याप वाचलेली नाही.

कायद्याची चौकटही नव्याने घडवायची गरज नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहेच. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, नगरपरिषदेच्या आणि महापालिकेच्या या वहीत ओहोटीच्या पट्ट्याचे प्रकरण स्वतंत्र असावे; ते लिहिताना कालवे काढणाऱ्या बायांची, मच्छीमारांची आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाची साक्ष घ्यावी; दरवर्षी त्यात भर घालावी; आणि ते प्रकरण नसेल तर त्या किनाऱ्यावरच्या भरावाची दरखास्त अपुरी समजून दाखल करून घेऊ नये. महसूल खात्याने सातबारावाचून खरेदीखताची नोंद करू नये आणि किनारा नियमनाच्या यंत्रणेने मात्र नोंदीवाचून समुद्र विकत द्यावा, ही विसंगती एका परिपत्रकाने दूर होण्यासारखी आहे.

घाई का करावी, याचे कारण आकड्यांत आहे. किनारी रस्त्याच्या १११ हेक्टरांवर कित्येक वर्षे वाद झाला. डहाणू तालुक्यातल्या ज्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, त्याच्यासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे, म्हणजे त्याच्या तेरापट. वाढवणचे खडप मच्छीमारांच्या आणि कालवे-शिंपल्यांवर पोट भरणाऱ्यांच्या पिढ्यांनी ओळखलेले आहे. बंदर व्हावे की न व्हावे याबद्दल वाचकांची मते भिन्न असतील, आणि असू द्यावीत. परंतु ज्यांना बंदर हवे आहे त्यांनीच या पंचनाम्याचा आग्रह अधिक धरावा असे मला वाटते, कारण हिशेब न देता घेतलेली जागा पुढे वर्षानुवर्षे कज्जाच्या खात्यात राहते, हे मुंबईच्या रस्त्याने त्यांना दाखवून दिलेच आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पंचायतींनी पावसाळा संपताच पहिल्या उधाणाची तिथी पंचांगात पाहावी, आणि वही घेऊन खडपावर उतरावे.